मिठावरून ओढलेला पत्रा

मी एक पत्रा आहे. पिकअपच्या इंजिनावर झाकणासारखा बसवतात आणि ज्याला सगळे बॉनेट म्हणतात, तो. आता मात्र मी उलटा आहे. माझी रंगाची बाजू जमिनीकडे असते आणि इंजिनाची वाफ खाल्लेली आतली बाजू आकाशाकडे. मला बोलायची सवय नाही. सांगताना मध्ये मध्ये थांबेन, तेवढं सांभाळून घ्या.

माझं पहिलं आयुष्य थोडक्यात सांगतो. एका पांढऱ्या पिकअपवर बसून मी सात-आठ वर्षं शारजा ते उम्म अल कुवेन अशी भाजीच्या पेट्यांची ने-आण पाहिली. मग इंजिन बसलं. गाडी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमागे उभी राहिली आणि तिचे अवयव एकेक करून गेले. आरसे गेले, दारं गेली, सीट गेल्या. शेवटी मी आणि चाकाची एक लोखंडी रिम, एवढे दोघेच उरलो.

आम्हा दोघांना उचललं भानुदासने. साल असेल चौऱ्याण्णव किंवा पंच्याण्णव.

भानुदास त्या गॅरेजात डेंटर होता. गाडीला पोचा आला की लोक त्याच्याकडे यायचे. तो डोळे मिटून तळहात पत्र्यावरून फिरवायचा आणि पोचा नेमका कुठून सुरू होतो ते बोटाने दाखवायचा. गाव देवगडकडचं, खाडीकाठचं. बोलणं कमी. रंग मारण्याआधी गाडी बंद करायचं काम मात्र तो दुसऱ्या कुणाला देत नसे. काचा, दिवे, दारांच्या फटी, सगळं प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून असं बंद करायचा की आत धुळीचा कण जाऊ नये. "वारा शिरला की धूळ शिरली," असं म्हणायचा. या कामात त्याचा हात धरणारा त्या अख्ख्या रांगेत कुणी नव्हता.

पुढे जे झालं ते या हुशारीपायीच झालं, म्हणून आधी सांगितलं.

त्याने माझ्या पुढच्या कडेला दोन भोकं पाडली आणि त्यांत जाड नायलॉनची दोरी ओवली. पुढची कड हातोडीने ठोकून होडीच्या नाळेसारखी वर वळवली. शौकत बघत उभा होता. शौकत त्याच गॅरेजात ड्रायव्हर, दापोलीकडचा.

"भानू, हे काय बनवतोयस? पाळणा?"

"गाडी."

"चाकं कुठायत?"

"चाकं नाहीत म्हणूनच चालेल ती."

हे कोडं शौकतला पुढच्या शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, सुटलं. उम्म अल कुवेनच्या पलीकडे खाडीच्या अंगाला सबखा आहे. सबखा म्हणजे खारी जमीन. वरून पांढरी, सपाट, उन्हात चमकणारी, मिठाची चादर अंथरल्यासारखी. पण ती चादर बोटभर जाड आणि खाली काळा चिखल. माणूस चालला तर पायाखाली कुरकुर वाजते. गाडी घातली तर पापुद्रा फुटतो आणि चाक आसापर्यंत खाली जातं. मासे मात्र त्या पलीकडे, जिथे समुद्राचा एक फाटा आत वळलाय. म्हणून लोक गाडी रस्त्याच्या कडेला ठेवतात आणि सामान डोक्याखांद्यावर घेऊन सव्वा किलोमीटर चालतात. भानुदासने ते सगळं माझ्या पोटात रचलं, दोरी कमरेला बांधली आणि चालू लागला. मी मिठावरून सर्रकन निघालो. इतकं हलकं मला पिकअपवर असतानाही कधी वाटलं नव्हतं.

दोन वर्षांनी त्याची बायको सविता आणि मुलगी ऋता गावाहून आल्या. अल मजाजमध्ये एका फ्लॅटमधली एक खोली त्यांनी घेतली. मी बाल्कनीत उभा असायचो, कपडे वाळत घालायच्या दांडीमागे. थंडी सुरू झाली की दर शुक्रवारी आम्ही निघायचो. आखातात थंडी पडते हे गावाकडे कुणाला खरं वाटत नाही. पण जानेवारीत उत्तरेकडून शमालचा वारा सुटला की त्या मोकळ्या सबख्यावर दात वाजतात. समोर आडोसा म्हणून एक झुडूप नाही.

त्यासाठी तंबू होता. आणि तंबूत ऊब हवी म्हणून ती रिम. तिच्यात कोळसा पेटवला की चांगली शेगडी व्हायची. सुरुवातीची वर्षं ती तंबूबाहेरच असायची. सगळे तिच्याभोवती बसायचे, पुढून भाजायचे आणि पाठीमागून गारठायचे. सविता तक्रार करायची, पण हसत.

मग नव्याण्णवचा जानेवारी आला आणि भानुदासचे वडील, बाबाजी, तीन महिन्यांसाठी इकडे आले.

सत्तरीला टेकलेला माणूस. अंग लाकडासारखं वाळलेलं, हात मात्र मोठे. आयुष्य खाडीत जाळी टाकण्यात गेलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला उलटसुलट करून बघितलं आणि लेकाला म्हणाले, "बरो केलंस रे. आमच्या चिखलातली फळी अशीच." कुणी माझं कौतुक केलेलं मला ते पहिल्यांदाच आठवतं.

त्यांची एक सवय होती. भरती चालू असताना ते कधी आडवे होत नसत. अल मजाजच्या खोलीतसुद्धा ते समोरच्या खालिद लगूनच्या पाण्याकडे बघून वेळ ओळखायचे आणि भरती असली की दुपारची झोप सोडून खिडकीशी बसायचे. सविता म्हणायची, "बाबा, इथे कुठे तुमची जाळी लागलीत? पडा जरा." ते म्हणायचे, "पाणी चढताना डोळो लागत नाय गो." भानुदास लहानपणापासून हे बघत आला होता.

आता त्या शुक्रवारचं सांगतो. हे सांगायचं म्हणूनच तोंड उघडलं, आणि आता तिथे आलो तर जीभ जड होते.

आदल्या आठवड्यात तंबूत वारा शिरून ऋताला सर्दी झाली होती. सविता म्हणाली, यावेळी आम्ही दोघी घरीच राहतो. भानुदासला ते नको होतं. बाबांचे इथले थोडेच शुक्रवार उरले होते. तो गॅरेजातून रंगकामाचं प्लास्टिक आणि चिकटपट्टीची चार बंडलं घेऊन आला. "या वेळी वारा आत येऊन दाखवू दे," म्हणाला.

सकाळी उजाडताना आम्ही पोचलो. शौकतने पिकअप रस्त्याच्या कडेला लावली. आकाश राखेच्या रंगाचं होतं, शमाल सुटला होता आणि मधूनच पावसाचे बारीक थेंब येत होते. भानुदासने आणि शौकतने मला ओढत सबख्याच्या टोकापर्यंत नेलं. तंबू उभा झाला. मग भानुदास कामाला लागला. गाडी बंद करतो तसा त्याने तंबू बंद केला. छतावरून प्लास्टिक, चारी बाजूंनी प्लास्टिक, प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी. खालच्या कडा त्याने ओल्या वाळूत पुरल्या आणि पायाने दाबल्या. मागच्या बाजूला जाळीची एक लहान खिडकी होती, तीही पट्टीने बंद केली. मग चारी बाजूंनी तळहात फिरवून बघितला, कुठे वारा लागतोय का. कुठेच लागत नव्हता. त्याच्या तोंडावर समाधान दिसलं.

"शेगडी आत घेऊ?" सविताने विचारलं. "धूर नाही व्हायचा?"

उत्तर बाबाजींनी दिलं. "धूर जाऊ दे आधी. निखारे फुलले की मगे घे. निखाऱ्याक खंयचो धूर? भानूच्या आवशीक बाळंतपणात सव्वा महिनो बाजेखाली शेगडी होती. दार बंद, खिडकी बंद. काय झाला? हो बघ केवढो झालो."

खरंच होतं ते. पण त्यांच्या त्या बाळंतिणीच्या खोलीवर कौलं होती, आणि कौलांतून उजेड दिसतो तिथून हवाही जाते. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी कोळशाजवळ राहिलेला नव्हतो, मी इंजिनाजवळ राहिलेला होतो. इंजिनाचा धूर काळा असतो, दिसतो, त्याला वास असतो. ज्याला रंग नाही आणि वास नाही असं काही माणसाला मारू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

निखारे लाल झाले. त्यांवर राखेची पातळ साय आली. भानुदासने चिमट्याने रिम उचलून आत ठेवली. सविता आणि ऋता आत गेल्या. दाराची चेन वर ओढली गेली. चेनच्या खाली हातभर लांबीची एक फट राहत होती, कापड तिथे जमिनीला टेकत नव्हतं. भानुदासने इकडेतिकडे बघितलं, मला उचललं आणि दारासमोर आडवा उभा केला. फट बंद झाली.

शेवटची फट मी बंद केली. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. जे होतं ते सांगतो.

भानुदास, शौकत आणि बाबाजी पाण्याकडे गेले. तीनशे पावलं असतील. वारा त्यांच्याकडून माझ्याकडे येत होता, त्यामुळे त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं. आमच्याकडचं त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

आत सुरुवातीला मजेत चाललं होतं. ऋता नऊ वर्षांची होती. "मम्मी, इट्स सो कोझी," म्हणाली. सविता म्हणाली, "मराठीत बोल गं, आजोबा येतील आता." दोघींनी शेंगा भाजल्या. तासाभराने बाबाजी आले. थंडीने त्यांचे ओठ निळे पडले होते. मला बाजूला करून ते आत गेले, चेन ओढली आणि आतून हात घालून मला पुन्हा जागेवर खेचून घेतलं. माणूस नीटनेटका होता.

"दोन मिनिटां शेकतंय आणि जातंय," ते म्हणाले. "पाणी चढता हा. मासो लागलो हा बरो."

दोन मिनिटं झाली. पाच झाली. बाबाजी उठले नाहीत.

"मम्मी, माय हेड इज पेनिंग," ऋता म्हणाली.

"सर्दीचं डोकं आहे. ये, बाम लावते."

"थंडी बाधली तिका," बाबाजी म्हणाले. "शेगडी हंय सरकव."

रिम वाळूवर घासल्याचा आवाज आला. ती माझी जुनी सोबतीण, एकाच गाडीवरची. तिलाही काही कळत नव्हतं. माणसं तिला जवळ घेत होती आणि ती ऊब देत होती.

मग ऋताला ओकारी आली. सविता म्हणाली, "शेंगा बाधल्या वाटतं." तिचा आवाज जरा ओढल्यासारखा येत होता. ती म्हणाली, "बाबा, मला पण गरगरतंय हो. जरा दार..." आणि ती उठली असावी, कारण तंबूचं कापड एकदम बाहेर फुगलं, जसं कुणी अंग टाकावं तसं. मग ते हळूहळू खाली घसरत गेलं. काही पडल्याचा मोठा आवाज झाला नाही. नुसतं कापड घासल्याचा आवाज.

बाबाजींनी काहीतरी म्हटलं. शब्द कळले नाहीत.

त्यानंतर काही नाही.

माझ्या अंगावर पावसाचे थेंब पडत होते, त्यांचा आवाज होता. प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं. खालच्या कडेला, माझ्या अगदी जवळ, ऋताचा श्वास लागत होता. ती सरपटत दारापर्यंत आली होती. तिचं तोंड त्या फटीशी होतं आणि फटीपुढे मी होतो. माझ्या कडेत एक जुना पोचा राहिला होता, भानुदासने काढायचा ठेवलेला. त्यातून सुतासारखी हवा आत जात होती. तेवढीच.

मी पत्रा. मला पडता येत नव्हतं. वारा मला मागे ढकलायच्या ऐवजी तंबूवर दाबून धरत होता.

पाण्याकडून शौकतचा आवाज आला. "भानू, बस्स झालं. पेटी भरली."

"अजून दोन गळ टाकू. शेरी मासळी लागलीय, अशी पुन्हा नाही लागायची."

"बाबा कुठे राहिले?"

"नातीने धरून ठेवलं असेल."

त्यांनी अजून दोन टाकले. मग अजून दोन. मी मोजत होतो. मला दुसरं काय करता येणार होतं?

शेवटी भानुदास आला. पेटी जड झाली होती, ती ठेवायला त्याला मी हवा होतो. तो खुशीत होता. लांबूनच म्हणाला, "ऋता, बघ चल, बाबाने काय पकडलंय."

उत्तर आलं नाही. तो दाराशी आला, थांबला. मला वाटलं आता चेन ओढेल. पण त्याने कान दिला, हसला आणि हळूच म्हणाला, "झोपलेत सगळे. झोपू दे." त्याने आवाज न करता माझी दोरी उचलली आणि मला घेऊन निघाला.

मी त्याच्यामागे घसरत चाललो होतो. एक पाऊल, दोन, पाच. मिठाचा पापुद्रा कुरकुरत होता. मी मागे बघत होतो. दाराची फट आता मोकळी होती, पण हातभर फटीतून किती हवा जाणार? दहा पावलं. पंधरा. समोर पाण्याचा फाटा काठापर्यंत आला होता आणि अजून चढत होता.

विसाव्या पावलाला भानुदास थांबला.

तो पाण्याकडे बघत उभा राहिला. दोरी ताणलेली होती, ती सैल पडली. तो स्वतःशीच म्हणाला, "भरती चालू आहे." मग वळला आणि तंबूकडे बघितलं. "बाबा कसे झोपले?"

दोरी त्याच्या हातातून पडली. तो धावला. पाय पापुद्र्यातून खाली जात होते तरी धावला. त्याने चेन ओढली, ती प्लास्टिकमध्ये अडकली, मग आमिष कापायच्या सुरीने त्याने कापड वरून खालपर्यंत फाडलं. आधी ऋताला बाहेर ओढलं. मग सविताला काखेत हात घालून. तिचं तोंड तापल्यासारखं लाल दिसत होतं. शेवटी बाबाजींना. ते शेगडीच्या अगदी जवळ बसल्या बसल्या कलंडले होते.

"शौकत," त्याने हाक मारली. आवाज फाटला होता. "शौकत, ये रे."

शौकत आला तेव्हा ऋता ओकत होती आणि रडत होती. रडते म्हणजे श्वास आहे. सविताने डोळे उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. बाबाजींनी उघडले नाहीत. त्यांची छाती हलत होती, पण इतकी थोडी की भानुदासने तळहात ठेवून बघितलं. पत्र्यावर ठेवायचा तसाच, डोळे मिटून.

"मी गाडी आणतो," शौकत म्हणाला. "सरळ इथपर्यंत आणतो. जे होईल ते होईल."

"पाऊस पडलाय. रुतेल."

"भानू, सव्वा किलोमीटर आहे."

"रुतली तर गाडी पण गेली आणि माणूस पण गेला. पत्रा आण."

मला आणलं गेलं. बाबाजींना माझ्या पोटात निजवलं. त्यांचे पाय बाहेर राहत होते, ते शौकतने गुडघ्यात दुमडले आणि चादरीने बांधले. ऋताला त्यांच्या पायथ्याशी बसवलं. सविता म्हणाली, "मी चालते." तिला उभं राहता येत नव्हतं. तिने माझी मागची कड धरली आणि तिच्या आधाराने चालू लागली. भानुदासने दोरी कमरेला बांधली, शौकतने दुसरं टोक खांद्यावर घेतलं. तंबू, पेटी, मासे, सगळं तिथेच राहिलं.

मी पुष्कळ ओझी वाहिली आहेत. पाण्याचे कॅन, कोळशाची पोती, बर्फ. एवढं जड कधी काही नव्हतं. माणूस शुद्धीत असला की स्वतःचं ओझं थोडं स्वतः सांभाळतो. बाबाजींनी ते सोडून दिलं होतं.

पापुद्रा पावसाने नरम झाला होता. भानुदासचा एक पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो हातांवर पडला, उठला. पुन्हा गेला. शौकत पुटपुटत होता, "या अल्ला, या अल्ला," आणि मध्येच भानुदासला, "यल्ला भानू, यल्ला, थांबू नको." थांबलो असतो तर मीही रुतलो असतो. चालत राहिलं की पापुद्रा सहन करतो, थांबलं की फुटतो. भानुदासला हे ठाऊक होतं. म्हणून वडील श्वास घेतात की नाही हे बघायलाही त्याला थांबता येत नव्हतं. तो पुढे बघत ओढत होता आणि दर थोड्या पावलांनी मागे न वळता विचारत होता, "सविता, बाबा?"

"आहेत."

"सविता, बाबा?"

"आहेत, आहेत. चला तुम्ही."

एकदा तिने उत्तर दिलं नाही. भानुदासचं पाऊल चुकलं. मग ऋताचा बारीक आवाज आला, "डॅडी, ही इज ब्रीदिंग. आय हॅव माय हँड ऑन हिम." थोड्या वेळाने ती माझ्यातून उतरली. "आय कॅन वॉक," म्हणाली, आणि मागून मला ढकलू लागली. नऊ वर्षांच्या मुलीचं ढकलणं ते. पण मला ते जाणवलं.

रस्ता आला. पिकअपच्या मागच्या हौद्यात मला बाबाजींसकट उचलून ठेवलं, कारण त्यांना हलवायची कुणाला हिंमत होईना. त्याच स्थितीत आम्ही इस्पितळापर्यंत गेलो. दारात लोकांनी त्यांना उचललं, नाकातोंडावर मास्क लावला, आत नेलं. मी पिकअपमध्ये राहिलो. शौकत नंतर येऊन माझ्याशेजारी बसला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि माझ्यातलं पाणी पुसत राहिला. पुसायची गरज नव्हती.

बाबाजी वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले. डॉक्टरने भानुदासला समजावून सांगितलं की निखाऱ्यातून धूर आला नाही तरी विष येतं, दिसत नाही, वास येत नाही, आणि बंद जागेत ते साठतं. भानुदास ऐकत उभा होता. शौकतने नंतर सांगितलं, तो एवढंच म्हणाला, "मी एक भोकसुद्धा ठेवलं नव्हतं."

महिन्याभराने, गावी परत जायच्या आधी, बाबाजी हट्टाने पुन्हा सबख्यावर आले. तंबू नव्हता. शेगडी उघड्यावर होती, वारा लागत होता, आणि ते माझ्यावर बसून गळाला कोळंबी लावत होते. ती लागेना. त्यांचे हात थरथरत होते. त्या दिवसानंतर थरथर सुरू झाली होती आणि वाढत होती. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं कधी कधी. गळाचं टोक बोटात रुतलं. ते बघत राहिले. मग गळ त्यांनी लेकापुढे धरला.

"तू लाव."

भानुदासने गळ घेतला नाही. त्याचं तोंड वाकडं झालं. "बाबा, मी तुमचे हात खाल्ले."

बाबाजींनी गळ तसाच पुढे धरून ठेवला. "निखारे आत घे म्हणून कोण म्हणालो? मी. शेगडी हंय सरकव म्हणून कोण म्हणालो? मी." मग म्हणाले, "ओढून कोणी नेल्यान, ता सांग."

भानुदासने गळाला कोळंबी लावून दिली. त्यांनी थरथरत्या हाताने तो पाण्यात टाकला. त्यानंतर ते तीन वर्षं जगले, गावी. गळ मात्र दर वेळी दुसऱ्याने लावून द्यावा लागायचा, असं सविता शौकतला सांगताना मी ऐकलं.

मला वाटलं होतं भानुदास आता सबख्याचं नाव काढणार नाही. त्याने उलट केलं. थंडीतला एकही शुक्रवार त्याने सोडला नाही. मासे पकडायला नाही. तो मला घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो. शारजाहून, बर दुबईहून कुटुंबं येतात, सामान बघून घाबरतात. तो त्यांचं सामान माझ्यात भरतो आणि ओढत नेतो. काय द्यायचं विचारलं तर म्हणतो, काही नको, तंबूची दोन्ही दारं थोडी उघडी ठेवा. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे. अजून पन्नाशीचाही नाही तो, पण दिसतो तसा.

माझं पोट आता झिजून पातळ झालंय. मधोमध एक भोक पडलंय, त्यातून मीठ आत येतं. मीठ लोखंडाला सोडत नाही. भानुदास मागच्या आठवड्यात हात फिरवून म्हणाला, "एवढी थंडी काढशील." म्हणजे ही माझी शेवटची थंडी. मला काही मागायचं नाही. गेलो की भट्टीत जाईन, दुसरं काहीतरी होईन. तुम्ही कुठे गारठ्यात कनात बांधली, गाडीत झोपलात, खोली बंद करून शेगडी जवळ घेतलीत, तर एक फट ठेवा. थोडी थंडी वाजू दे. थंडी वाजतेय म्हणजे हवा येतेय. माझं सांगणं एवढंच आहे.

कालच्या शुक्रवारचं सांगून थांबतो. परेश नावाचा एक तरुण माणूस, त्याची बायको मनाली आणि दोन लहान मुलं आली होती. आम्ही त्यांचं सामान पोचवलं. वारा कडक होता. त्यांनी नवा, चकचकीत तंबू लावला, छोटी गॅसची शेगडी आत नेली आणि चेन बंद केली. भानुदासने बाहेरून सांगितलं. परेश आतून म्हणाला, "काका, फाइव्ह मिनिट्स. मुलं गारठलीत."

भानुदास गेला नाही. त्याने मला तंबूसमोर, पण दारापासून हातभर लांब ठेवलं आणि माझ्यावर बसला.

"काका, तुम्ही अजून आहात?" आतून.

"आहे."

"तुमचा प्रॉब्लेम काय आहे?"

भानुदास तिथेच बसून राहिला. आत मनाली हलक्या आवाजात म्हणाली, "उघड ना रे, म्हातारा माणूस थंडीत बसलाय." थोडा वेळ गेला. मग चेनचा आवाज आला. दार उघडलं, आणि परेशने वैतागून डोकं बाहेर काढलं.

"खलास, काका. उघडलं. आता जा, आजारी पडाल."

"मागचं पण," भानुदास म्हणाला, आणि बसूनच राहिला.